ऐकणावळ

इंजिनातून आवाज आला म्हणजे इंजिन गेलं, असं धरून गाडी थेट उघडायला देणाऱ्या लोकांवर माझा जुना राग आहे. गेल्या महिन्यात मी स्वतःच त्या लोकांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. पंचवीस वर्षं गाड्यांच्या खाली काढलेला माणूस, अंगावर ईएमईचा बिल्ला, आणि तरीही. म्हणून हे लिहितोय.

आप्पा मूळचे बेळगावकडचे. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीमुळे बंगळुरूत आले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला 'साहेब' म्हणायचं काही सोडत नाहीत. मीही त्यांना आप्पाच म्हणतो. निवृत्तीचे पैसे आणि वर कर्ज घालून त्यांनी एक डिझेल पिकअप घेतली. पहाटे चिक्कबळ्ळापूरच्या बाजूने भाजी भरायची, उजाडायच्या आत शिवाजीनगरला रसेल मार्केटपाशी उतरवायची, मग दोन-तीन हॉटेलांचा माल. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचं भाडं जातं आणि गिऱ्हाईक दुसरा टेम्पो बघतो. हप्ता मात्र पाच तारखेला येतोच.

त्या गाडीत ठकठक सुरू झाली. चढाला जास्त, माल असला की जास्त. आप्पा गाडी वर्कशॉपला घेऊन गेले. तिथल्या पोराने स्कॅनर लावला, कोड काही आला नाही. मग बॉनेट उघडून अर्धा मिनिट ऐकलं आणि सांगितलं, बेअरिंगचा आवाज आहे, इंजिनकाम करावं लागेल. अंदाजपत्रक एक लाख अडतीस हजार, गाडी आठ दिवस आत.

आप्पांनी मला फोन केला. "साहेब, तुम्ही एकदा ऐका की. तुम्ही म्हणाला तर करतो."

या वाक्याचं ओझं किती असतं ते आमच्या ट्रेडच्या लोकांना विचारा.

रविवारी गाडी आली. मी शास्त्राला धरूनच सुरुवात केली. बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवलं. आवाज तसाच, म्हणजे अल्टरनेटर, वॉटर पंप आणि टेन्शनरची बेअरिंगं सुटली. क्लच दाबला, सोडला, फरक नाही. म्हणजे रिलीज बेअरिंग नाही. मग एकेक सिलिंडर बंद करून बघितला. जुन्या पंपाच्या गाड्यांना आपण नोझलच्या पाइपचा नट सैल करायचो. हल्लीच्या कॉमन रेलला ते चुकूनही करायचं नाही. त्या पाइपात हजार-दीड हजार बारचा दाब असतो, डिझेलची धार कातडीच्या आत शिरते आणि हात कापायची पाळी येते. तेव्हा इंजिन बंद करायचं, एका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा आणि पुन्हा चालू करायचं. एक, दोन, काही नाही. तिसऱ्याचा काढला आणि ठकठक बसली.

मी हात पुसले. म्हटलं, आप्पा, तीन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. वर्कशॉपवाला बरोबर आहे.

आप्पा काही बोलले नाहीत. इतकंच म्हणाले, "पण साहेब, गरम झाल्यावर कमी येतो आवाज. सकाळी गारठ्यात लई असतो." आणि मग, "घरात म्हणतात, तुमच्या शर्टाला धुराचा वास येतो."

मी ऐकलं आणि सोडून दिलं.

पैसे वाचावेत म्हणून ठरलं की वर्कशॉपला न देता शिवाजीनगरच्या गुजरीत सेकंडहँड हाफ इंजिन बघायचं. आपल्याकडे गुजरी म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे सराफी पेढ्या येतात. इथली गुजरी म्हणजे भंगार आणि जुन्या पार्टची बाजारपेठ. ब्रॉडवेच्या आसपासच्या गल्ल्यांत दारापासून छतापर्यंत गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, हेडलाइट, दरवाजे रचलेले. हा सगळा भाग इंग्रजांच्या छावणीचा, म्हणजे 1809 पासूनच्या कॅन्टोन्मेंटचा. ब्लॅकपल्ली हे त्याचं जुनं नाव. शिवाजी महाराजांचं नाव नंतर लागलं, पण शहाजीराजांची जहागीर बंगळुरूची होती आणि शिवबा लहानपणी काही काळ इथे होते. त्यामुळे पाटी वाचताना मराठी माणसाला पाहुण्यासारखं वाटत नाही. बोलीही तशीच. इथले मुसलमान कारागीर दख्खनी बोलतात आणि 'नहीं चाहिए' म्हणायच्या ऐवजी 'नक्को' म्हणतात. आपलाच 'नको', जरा ठसका लावून. वाक्यात जोर द्यायचा तर आपल्यासारखा 'च' लावतात. आप्पांना ही भाषा फार आवडते.

हाफ इंजिन सापडलं. पंचावन्न हजार म्हणाला. मी आप्पांना आधी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरसी बुकातला नंबर जुळत नाही, आरटीओकडे नोंद करून घ्यावीच लागते, आणि त्या ब्लॉकची मूळ गाडी कुठून आली याचा कागद हातात नसेल तर स्वस्तातलं इंजिन पोलीस ठाण्यात महाग पडतं. दुकानदार म्हणाला, कागद आहे. बसवणार कोण? त्याने समोरच्या गल्लीतल्या एका उस्तादांकडे बोट दाखवलं.

उस्ताद साठीच्या पुढचे. दाढी मेंदीने रंगवलेली, गळ्यात टॉवेल. आम्ही सांगितलं, इंजिन काढून हे बसवायचं आहे. ते म्हणाले, "खोलना नक्को साब अब्बी. पैले सुनेंगे."

मला राग आला. मी माझी ओळख दिली, टेस्ट सांगितली, तीन नंबर बंद केल्यावर आवाज बसतो हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आप्पांना विचारलं, "आप बोलो. कब आता?"

त्या गाडीच्या बाबतीत आप्पांना कोणी प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ. आप्पांनी तेच सांगितलं. सकाळी जास्त, गरम झाल्यावर कमी. शर्टाला धुराचा वास. आणखी एक गोष्ट निघाली, जी मी विचारलीच नव्हती. चार महिन्यांपूर्वी रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडून नोझल साफ करून घेतले होते.

उस्तादांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक ऑइल चेंबरवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. मग टोक ब्लॉकवर, मग वर हेडवर, तिसऱ्या नोझलशेजारी. माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. खाली मंद, वर जोरात. रॉडचं बेअरिंग खाली असतं. आवाज वरचा होता.

मग त्यांनी तीन नंबरचा कनेक्टर काढला आणि आपल्या हाताखालच्या पोराला बोलावलं. विशीतला मुलगा. "सुन. गया क्या?"

पोरगा वाकला. "ठोकना गया. चुस् चुस् हैच."

मी वाकून ऐकलं. मला काही चुस् चुस् ऐकू येत नव्हतं. आप्पांनाही नाही. पोराने खोक्यातून डिझेलची तेलदाणी आणली आणि तिसऱ्या नोझलच्या बुडाशी चार थेंब टाकले. त्या थेंबांत बुडबुडे उठायला लागले. इंजिनाच्या ठेक्यावर, एकामागून एक.

नोझलच्या खाली तांब्याचा वायसर असतो. सिलिंडरातला दाब वर येऊ नये म्हणून तो नोझल आणि हेडच्या मध्ये चेपून बसतो. तांबं एकदा चेपलं की चेपलं. नोझल काढला तर वायसर नवाच घालायचा असतो. आधीच्या मिस्त्रीने जुनाच परत घातला होता. तिथून प्रत्येक स्फोटाचा धूर बाहेर फुटत होता. गार असताना जास्त, गरम झाल्यावर धातू फुगून फट थोडी मिटायची आणि आवाज कमी व्हायचा. बेअरिंगचं असतं तर याच्या उलट झालं असतं. गरम झाल्यावर ऑइल पातळ होतं, दाब उतरतो, आणि बेअरिंगचा ठोका वाढतो. हे मी नव्या पोरांना फळ्यावर काढून शिकवलेलं आहे. आप्पांनी उत्तर माझ्या हातात ठेवलं होतं.

आणि तीन नंबर बंद केल्यावर आवाज बसला, त्याचं काय? तिथे माझी खरी चूक आहे. सिलिंडर बंद केला की त्यातला स्फोट थांबतो. रॉडचं बेअरिंग ढिलं असलं तरी त्यावरचा मार कमी होतो आणि ठोका बसतो. इंजेक्टर खराब असला तरी बसतो. वायसर फुटला असला तरी बराचसा बसतो. ही टेस्ट 'कुठल्या सिलिंडरात' एवढंच सांगते, 'काय' ते सांगत नाही. मी पहिल्या उत्तरात दुसरं घालून मोकळा झालो, कारण वर्कशॉपचा कागद आधीच माझ्या डोक्यात बसला होता. एवढंच नाही. तिसऱ्या नोझलच्या खळग्यात डांबरासारखा काळा थर होता, तो मला दिसला होता. तेलकट धूळ समजून मी फडक्याने पुसून टाकला. पुरावा स्वतःच्या हाताने पुसणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते लिहीत नाही.

राहिलं ते चुस् चुस्. दाब गळत होताच, स्फोट नसला तरी पिस्टन हवा दाबतोच. तो बारीक, उंच आवाज मला आला नाही. बंदुका, जनरेटर, बंद शेडमध्ये चालणारी इंजिनं, यांच्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे कान आधी उंच सुरांना जातात, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास. बोलणं नीट ऐकू येतं, म्हणून माणसाला वाटतं की कान शाबूत आहेत. पण उंच भाग गळला की टोकदार 'टक' सुद्धा बोथट 'ठक' वाटतो. वायसरचा आवाज मला बेअरिंगसारखा वाटला तो त्यामुळे. स्क्रू ड्रायव्हरने आवाजाची जागा कळते, गेलेला सूर परत येत नाही. उस्तादांचेही कान तसेच असणार. फरक एवढाच की त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पोराला बोलावलं.

डिझेल इंजिन मुळातच ठोकणारं जनावर आहे, हेही लक्षात घ्या. त्यात ठिणगी नाही. हवा सोळा-सतरा पट दाबून इतकी तापवायची की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 साली आउग्सबुर्गच्या ज्या कारखान्यात नीट चाललं, त्याचीच पुढे 'मान' कंपनी झाली, आणि त्याच मानच्या परवान्यावर जबलपूरला 1959 पासून आपला शक्तिमान ट्रक बनला. शक्तिमानवर शिकलेल्या जुन्या उस्तादांना इंजिनाची बोली पाठ असायची. थंडीत डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो, मग साचलेलं एकदम पेटतं, म्हणून सकाळचा ठोका मोठा. तो आजार नव्हे. खोकला कुठला आणि कफ कुठला हे ओळखणं एवढंच काम, आणि तेवढंच अवघड.

हे न ओळखल्याची किंमत मी आधी एकदा मोजली आहे. वरच्या भागातल्या एका पोस्टिंगला, जागेचं नाव सोडा, एक नवा ड्रायव्हर तीन दिवस फर्स्ट परेडला मला सांगत होता की गाडीत किर्र आवाज येतो. मी म्हणायचो, थंडी आहे, बेल्ट ओरडतोय. चौथ्या दिवशी घाटात वॉटर पंपाचं बेअरिंग बसलं, पंखा रेडिएटरमध्ये घुसला आणि मागच्या सगळ्या गाड्या संध्याकाळपर्यंत अडकल्या. कोणाला काही झालं नाही, ते नशीब. त्या पोराने नंतर मला एक शब्द ऐकवला नाही, तेच जास्त लागलं. तोही किर्र उंचच होता. तेव्हाच कान तपासायला हवे होते.

आता ज्यासाठी बसलो ते. उस्तादांनी नोझल काढला, हेडमधली बैठक कटरने साफ केली, नवा वायसर, नवा क्लॅम्प बोल्ट घातला आणि तो टॉर्क पान्यानेच आवळला. कामाचे दोन हजार दोनशे झाले. वर ते म्हणाले, सुनने का चारसौ.

आप्पांचा चेहरा बदलला. बाहेर येऊन मला म्हणाले, "कामाचे दिले ते ठीक. पण नुसतं ऐकायचे चारशे?"

मी रस्त्यावरच भांडलो त्यांच्याशी. आपण कपडे शिवायची शिवणावळ देतो, दळायची दळणावळ देतो, धुवायची धुणावळ देतो. ऐकायची ऐकणावळ का नाही? एक लाख अडतीस हजार वाचले ते वायसरमुळे नाही, वायसर काही रुपयांचा आहे. ते वाचले त्या दहा मिनिटांमुळे. आणि ती दहा मिनिटं फुकट मागायची सवय आपणच लावली. वर्कशॉपच्या त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या जॉबकार्डावर पार्टचा रकाना आहे, मजुरीचा रकाना आहे, ऐकण्याचा नाही. अर्धा तास लावून त्याने वायसर शोधला असता तर त्याच्या दिवसाच्या कामात किती भर पडली असती? इंजिन उघडलं तर पडते. जिथे शोधण्याला पैसे नाहीत आणि बदलण्याला आहेत, तिथे माणूस बदलणारच. पुढे कोणी म्हणालं की 'बघायचे पैसे वेगळे', तर आपण त्याला लुटारू म्हणून दुसऱ्या गॅरेजला जातो आणि तिथे फुकट बघून दीड लाखाचं काम निघतं.

फौजेत आम्ही या बाबतीत सुखी आहोत. तिथे पार्ट बदलून कोणाच्या खिशात काही पडत नाही, त्यामुळे शोधायला वेळ मिळतो. पण आमच्याकडे दुसरा रोग आहे, हुद्द्याचा. ड्रायव्हर गाडीत रोज बसतो, आवाज आधी त्याला ऐकू येतो, आणि त्याचं म्हणणं खाली दाबलं जातं, कारण समोर उभा असतो तो जेसीओ. मी त्या रोगाचा जुना रोगी आहे, हे वर आलंच.

वाचकांपैकी पुष्कळजण पिकअपवाले, नाहीतर घरात ट्रॅक्टर असलेले आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. आवाज आला की मिस्त्रीकडे जायच्या आधी घरीच लिहून काढा. गार असताना की गरम, चढाला की उताराला, क्लच दाबल्यावर बदलतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीवर शेवटचं काम काय झालं होतं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, पण एकट्या त्यावर विसंबू नका, फोन जाड आवाज नीट धरत नाही. ऑइलचा दिवा लागला आणि ठोका आला, तर मात्र ऐकत बसू नका. गाडी जागेवर बंद करा आणि टोचण लावून न्या. आणि वायसरची गळती लहान म्हणून पुढे ढकलू नका. धूर हेडची बैठक खातो, कार्बन नोझलला जखडून टाकतो, मग तो काढताना तुटतो आणि दोन हजारांचं काम हेडवर जातं. अंदाजपत्रक मोठं असेल तर चारशे-पाचशे देऊन दुसऱ्याला ऐकवा. त्याला आधीच सांगा की काम तुम्हाला देणार नाही, फक्त ऐकण्याचे देणार. मग तो खरं सांगतो.

हाफ इंजिनवाल्याकडे परत जाऊन आम्ही नको म्हणालो. तो हसला. "नक्को ना? अच्छाच हुआ," म्हणाला आणि चहा सांगितला.

आप्पा हिशेबाची वही ठेवतात. पुढच्या रविवारी त्यांनी ती मला मुद्दाम दाखवली. नोझल काम 2200. त्याखाली, वेगळ्या ओळीत, ऐकणावळ 400. मी पण माझं एक काम केलं. लष्करी हॉस्पिटलात कान तपासायची तारीख घेतली, पुढच्या मंगळवारची आहे.

परवा आप्पांचा फोन आला. ठोका गेला, पण आता डॅशबोर्डच्या आत काहीतरी खडखडतंय, इतके दिवस ठोक्यात दबलं होतं म्हणे. मी म्हटलं, आप्पा, मला नका विचारू. मुलाला शेजारी बसवा आणि चिक्कबळ्ळापूरला एक फेरी मारून या.